घसरगुंडी आपली, चढण कुणाची?

तुमच्या ओळखीतलं कुणी ना कुणी गुलमर्गला जाऊन आलेलं असणारच. त्या सगळ्यांचा एक ठरलेला फोटो असतो, आठवून बघा. अंगात भाड्याचा ओव्हरकोट, पायात स्कीचे जाडजूड बूट, हातात दोन काठ्या, मागे सगळं पांढरंशुभ्र आणि चेहऱ्यावर असा भाव की हा माणूस आता थेट ऑलिंपिकला निघालाय. प्रत्यक्षात फोटो काढून झाल्यावर अर्ध्या मिनिटात तो पाठीवर आडवा झालेला असतो. ते फोटो फॅमिली ग्रुपवर येत नाहीत.

परत आल्यावर ही मंडळी काय सांगतात, तेही ठरलेलं. पहिलं वाक्य, "काय सांगू तुला, स्वर्ग आहे स्वर्ग!" आणि लगेच दुसरं, "पण लुटतात हं फार."

या दोन वाक्यांच्या मधे नेमकं काय घडतं, त्याबद्दल मला आज बोलायचंय. कारण ही दोन्ही वाक्यं मी स्वतः बोलून चुकलेय. त्यातलं एक तर रीलच्या कॅप्शनमध्येच टाकलं होतं.

साडेतीन तासांचा स्वर्ग

२०२३ च्या जानेवारीत आम्ही घरचे सगळे काश्मीरला गेलो. आई-बाबा, काका-काकू, चुलतभाऊ आणि मी. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. सहा दिवसांच्या टूरमध्ये गुलमर्गला एक दिवस. आता हा 'एक दिवस' कसा असतो बघा. श्रीनगरहून सकाळी निघायचं, पन्नासेक किलोमीटर जायचं. टंगमर्गला गाडी बदलायची, कारण बर्फ पडलेला असला की वरच्या तेरा किलोमीटरच्या घाटात चाकांना साखळ्या बांधलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्याच सोडतात. तिथेच कोट-बूट भाड्याने घ्यायचे. वर पोचेपर्यंत साडेअकरा. दुपारी तीनला परत फिरायचं, उशीर झाला तर रस्ता गोठतो. म्हणजे हातात उरले साडेतीन तास. त्यात गोंडोला, स्लेज, स्कीइंग, मॅगी आणि फोटो. महाबळेश्वरला आपण भराभर 'पॉइंट' करतो ना, तसा आम्ही बर्फाचा पॉइंट करायला गेलो होतो.

गाडीतून उतरलो तर दहा-बारा जणांचा गराडा. "स्लेज ले लो, गोंडोला बहुत दूर है, पैदल नहीं जा पाओगे." काका पुढे झाले. काका म्हणजे आमच्याकडचे घासाघिशीतले चॅम्पियन. माणशी दीड हजारावर सुरू झालेली बोली त्यांनी पाचशेवर आणली आणि आमच्याकडे बघून भुवया उडवल्या. नंतर कळलं, अंतर चालत जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचं होतं.

स्लेज म्हणजे लाकडी पट्ट्यांची एक छोटीशी घसरगाडी. उतार असला की स्लेजवाला पुढे बसतो आणि टाचांनी ब्रेक मारतो, आपण मागे बसून किंचाळायचं. सपाटी किंवा चढ आला की तो उतरून दोरी खांद्यावर घेतो आणि आपल्याला ओढत नेतो. माझी स्लेज ओढणारे चाचा बाबांच्याच वयाचे असतील. मी मागे बसून व्हिडिओ काढत होते. त्यात ते सारखे फ्रेममध्ये येत होते. हॉटेलवर आल्यावर मी त्यांना क्रॉप केलं. उरले माझे बूट, बर्फ आणि चढावरून आपोआप वर जाणारी स्लेज.

आपोआप वर जाणारी! यात काहीतरी गडबड आहे, असं एकानेही कमेंटमध्ये विचारलं नाही. मलाही वाटलं नाही. लाइक्स भरपूर आले.

स्कीइंगही झालं. अर्धा तास. एका मुलाने माझ्या काठ्यांची टोकं धरून मला ओढलं, दोनदा उभं केलं, माझ्याच फोनवर माझे बावीस फोटो काढले. बिल दिलं. परतीच्या गाडीत सगळ्यांचं एकमत झालं, लुटतात.

'लुटतात' हे अर्धंच खरं

आता मी एकदम 'पर्यटकच वाईट' असं म्हणणार आहे, असं समजू नका. अंतर खोटं सांगणं चूकच आहे. आधी एक भाव आणि नंतर दुसरा, हेही चूक. म्हाताऱ्या माणसाला घाबरवून स्लेजवर बसवणं तर फारच चूक. दर ठरवून दिलेले असतील तर ते उतरल्या-उतरल्या दिसतील असे मोठ्या अक्षरांत लावायला हवेत, आणि पावती मिळायला हवी. ही मागणी पर्यटकांनी जोरात करायला पाहिजे.

पण आपल्या बाजूचं काय? ज्याला साडेतीन तासांत सगळं उरकायचंय, तो सौदा करायला सगळ्यात कच्चा माणूस. त्याला अंतर माहीत नाही, उतार माहीत नाही, चालून बघायला वेळ नाही. तो प्रत्येक गोष्ट विकतच घेणार. आणि बर्फाचे महिने मोजून तीन-चार. समोरच्याला वर्षभराची बेगमी त्यात करायचीय, आपल्याला आयुष्यभराची आठवण साडेतीन तासांत काढायचीय. दोघंही घाईत. अशा ठिकाणी ओळख होत नाही, फक्त व्यवहार होतो. मग आपण म्हणतो, तिथली माणसं कमर्शियल आहेत.

हे शहाणपण मला तेव्हा सुचलेलं नाही. त्यासाठी दुसऱ्यांदा जावं लागलं.

पहिले दोन दिवस चढायचेच

पुढच्या वर्षी कॉलेजातल्या मैत्रिणीने खूळ डोक्यात घातलं, आठवडाभराचा बेसिक स्की कोर्स करूया. गुलमर्गला असे कोर्स होतात. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्थाही तिथेच आहे. पैसे साठवले, स्लीपर क्लासने गेलो. तो २०२४ चा हिवाळा. आठवत असेल तर त्या जानेवारीत गुलमर्गला बर्फच नव्हतं. तपकिरी, कोरड्या उतारांचे व्हिडिओ सगळीकडे फिरत होते. आई म्हणाली, "चिखलात घसरायला एवढ्या लांब कशाला? आपली शेताची बांधं आहेत की." महिनाअखेरीला बर्फ पडलं आणि फेब्रुवारीत आम्ही पोचलो.

मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी घसरायला मिळणार. कसलं काय! पहिला दिवस बूट घालून चालण्यात गेला. स्कीचा बूट घोट्यापाशी वाकतच नाही. प्लास्टरमध्ये पाय घालून चालतोय असं वाटतं. मग एकाच पायात स्की. मग दोन्ही. मग पडायला शिकायचं, बाजूला पडायचं, सरळ मागे नाही. मग उठायला शिकायचं. पडल्यावर आधी दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या, नाहीतर उठता-उठता पुन्हा निघालात खाली. आणि मग चढायला शिकायचं. आडवं उभं राहून खेकड्यासारखं एकेक पाऊल वर. लिफ्ट नंतर, आधी पायांनी. आमचे सर साधं बोलायचे, "जितना चढ़ोगे, उतना ही फिसलोगे."

मी घड्याळ लावून बघितलं. वर चढायला पंधरा मिनिटं. खाली यायला चाळीस सेकंद, त्यातले वीस पडलेल्या अवस्थेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या उताराच्या मध्यावर धापा टाकत उभी होते. फेब्रुवारीत आतल्या थर्मलला घाम फुटलेला. खाली बघितलं तर रस्त्यावरून एक स्लेज चालली होती. स्लेजवर फोनमध्ये बघणारी एक मुलगी, पुढे दोरी घेऊन वाकलेला माणूस. मला एकदम माझं रील आठवलं. बर्फावर घसरणं फुकट आहे हो, ते गुरुत्वाकर्षण करून देतं. किंमत असते ती चढण्याची. मी पाचशे रुपये घसरगुंडीचे दिले असं समजत होते. ते चढणीचे होते, आणि माझ्या पंचावन्न किलो वजनासकट चढणीचे होते. काकांनी जी हजाराची 'बचत' केली होती, ती कुणाच्या तरी पोटऱ्यांमधून केली होती.

चौथ्या दिवशी मला वळता यायला लागलं. स्कीच्या पुढच्या टोकांचा उलटा 'व्ही' करून वेग कमी करणं जमलं. सर दिवसभर ओरडायचे, "आगे झुको!" भीती वाटली की माणूस मागे झुकतो, आणि मागे झुकला की स्कीवरचा ताबा सुटतो. पुढे, उताराकडे झुकलात की ताबा तुमच्याकडे. हे कळायला चार दिवस आणि डाव्या ढोपरावरचा एक हिरवा-निळा नकाशा लागला. पण त्या दिवशी संध्याकाळी जे काही वाटलं ना, त्याचा एकही फोटो माझ्याकडे नाही. हातमोजे काढायची हिंमतच नव्हती.

ज्या दुकानापुढे आपण भांडतो

आता एक गोष्ट सांगते, जी मला पहिल्या ट्रिपमध्ये माहीत असती तर मी वेगळी वागले असते. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, आरिफ खान. तिरंगाही त्यानेच धरला होता. जायंट स्लॅलममध्ये तो पंचेचाळिसावा आला. हा मुलगा टंगमर्गच्या बाजूचा, गुलमर्गच्या उतारांवर वाढलेला. त्याच्या वडिलांचं गुलमर्गला स्कीच्या साहित्याचं दुकान. चार वर्षांचा असताना वडिलांनीच त्याला स्कीवर उभं केलं.

म्हणजे ज्या प्रकारच्या दुकानापुढे उभं राहून आपण "बूट फाटके आहेत, पन्नास कमी करा" म्हणतो, तशा दुकानातून ऑलिंपियन घडला. आणि आपल्या काठ्या धरून ओढणारा, बावीस फोटो काढून देणारा तो मुलगा? त्याला बहुतेक आपल्याला खरंच काहीतरी शिकवता आलं असतं. आपणच त्याला फोटोग्राफर करून टाकलं.

गुलमर्गचं स्कीइंग आजकालचंही नाही. इंग्रजांनी १९२७ मध्ये तिथे स्की क्लब काढला. १९४८ मध्ये लष्कराने स्की शिकवायला सुरुवात केली, त्यातूनच पुढे उंचावरच्या युद्धाचं प्रशिक्षण देणारी संस्था उभी राहिली. 'खेलो इंडिया'च्या हिवाळी स्पर्धा २०२० मध्ये पहिल्यांदा झाल्या, त्याही इथेच. एवढं सगळं असलेल्या जागी आपण मॅगीच्या प्लेटचा भाव लक्षात ठेवून परत येतो.

ही बागेतली घसरगुंडी नाही

अजून एक. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. गुलमर्गचं मैदानच सुमारे २६५० मीटरवर. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगदोरीपर्यंत, साधारण ३१०० मीटर. दुसरा टप्पा अफरवतच्या अंगाखांद्यावर जवळपास ३९५० मीटरपर्यंत नेतो. म्हणजे सकाळी श्रीनगरमध्ये पोहे खाल्लेला माणूस दुपारी कळसूबाईच्या दुपटीहून जास्त उंचीवर उभा असतो, तोही बसल्या-बसल्या. डोकं दुखणं, धाप लागणं, मळमळणं हे सगळं होऊ शकतं. बाबांना वर झालं होतं. आम्ही म्हटलं, "काही नाही, गाडी लागली असेल." तिथे गाडी कुठली? अशा वेळी हट्ट न करता खाली यायचं, एवढं साधं आम्हाला माहीत नव्हतं. ते टूरवाल्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

आणि अफरवतचे उतार हे रोज मशीनने सारखे केलेले गुळगुळीत उतार नाहीत. बराचसा डोंगर जसा आहे तसाच. जगभरातले स्कीअर त्यासाठीच येतात, पाठीवर फावडं आणि हिमस्खलनात गाडलं गेलं तर ठावठिकाणा कळवणारं यंत्र घेऊन. २०२३ च्या फेब्रुवारीत तिथे हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत एका रशियन स्कीअरचा जीव गेला. त्यामुळे "सेकंड फेज बंद आहे" असं कळल्यावर काउंटरवरच्या माणसाशी भांडणाऱ्यांना मला एकच सांगायचंय, वारा तिकिटाचे पैसे बघून वाहत नाही.

बर्फही आता आपल्या सुट्ट्या बघून पडत नाही. २०२४ चा कोरडा जानेवारी सांगितलाच. २०२५ मध्ये फेब्रुवारीतल्या खेलो इंडियाच्या गुलमर्गमधल्या स्पर्धा पुरेसं बर्फ नाही म्हणून पुढे ढकलाव्या लागल्या, त्या मार्चमध्ये झाल्या. आपल्याकडे एका पर्यटकाचा मूड जातो. तिथे स्लेजवाल्यांचा, बूटवाल्यांचा, शिकवणाऱ्यांचा अख्खा हंगाम जातो.

मग जायचं की नाही?

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामला जे झालं, त्यात महाराष्ट्रातली सहा माणसं गेली. डोंबिवली, पुणे, पनवेल. आपल्यासारखीच, सुट्टीला गेलेली. त्यानंतर आमच्या घरात काश्मीर हा शब्द काढायची सोय राहिली नाही, आणि मी आईला दोष देणार नाही. त्या आठवड्यात आमच्या स्कीच्या सरांचा मला मेसेज आला होता. "घरवाले सब ठीक हैं ना?" एवढाच. मी कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसले. त्यांच्या ओळखीची मी एक मराठी मुलगी होते, म्हणून तो मेसेज आला. साडेतीन तासांच्या गिऱ्हाईकाला असा मेसेज कोण करणार?

जायचं की नाही, कधी जायचं, हे ज्याने-त्याने परिस्थिती बघून, घरच्यांशी बोलून ठरवावं. पण बर्फात जाणारच असाल, गुलमर्ग असो की औली, तर माझं ऐका.

एक तर किमान दोन रात्री वर राहा. टूर बुक करतानाच विचारा, "तिथे किती तास?" दिवस नाही, तास. गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन आधी काढा, हंगामात आयत्या वेळी मिळत नाहीत. पाय धड असतील तर गोंडोलापर्यंत चालत जा. आजी-आजोबा असतील तर स्लेज जरूर घ्या, भाव आधी नीट ठरवा, आणि ठरलेल्या भावात वर पोचल्यावर काटछाट करू नका. स्की करायची असेल तर अर्ध्या तासाचा फोटो-पॅक घेण्यापेक्षा एक अख्खा दिवस एका शिकवणाऱ्याबरोबर घालवा आणि त्याला सांगा, "फोटो नको, मला वळायला शिकवा." बघा त्याचा चेहरा कसा बदलतो. परवडत असेल तर आठवड्याचा कोर्स करा. आणि स्कीच करायची नसेल तरी चालेल! नुसतं बर्फात गप्प उभं राहणं हेही काही कमी नाही. सगळं 'करून' यायची सक्ती कुणी केलीय?

तुम्ही म्हणाल, एवढ्या सुट्ट्या आणि पैसे कुणाकडे आहेत? बरोबर आहे. मग सहा दिवसांत पाच ठिकाणांऐवजी दोन करा. यादी छोटी होईल, पण परत आल्यावर तिसरं एखादं वाक्यही सांगायला असेल.

माझ्या त्या रीलचा मूळ व्हिडिओ अजून फोनमध्ये आहे. हे लिहायच्या आधी पुन्हा बघितला. शेवटी चढ संपतो, चाचा दोरी खाली ठेवतात, मागे वळून कॅमेऱ्याकडे बघतात आणि विचारतात, "ठंड तो नहीं लग रही, बेटा?" मी "नो नो" म्हणते आणि व्हिडिओ बंद होतो. तो भाग मी कापला होता. त्यांचं नाव मी विचारलं नव्हतं.